पन्नास वर्षांचे कर्ज आणि तीन पावसाळ्यांचे डांबर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात कराडच्या एका वाचकांनी असे मत मांडले होते की, केंद्र सरकार राज्यांना भांडवली कामांसाठी जे बिनव्याजी कर्ज देते, ते नव्या, मोठ्या आणि नजरेत भरणाऱ्या प्रकल्पांवरच खर्च झाले पाहिजे, कारण अर्थव्यवस्थेला चालना देणे हाच त्या पैशाचा मूळ हेतू आहे. त्यांची तळमळ खरी आहे आणि चालना मिळाली पाहिजे याबद्दल आमच्यात मतभेद नाही. परंतु रस्ते, मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जाऊ देणारी लहान बांधकामे) आणि पुलांच्या कामांवर शाखा अभियंता म्हणून एकतीस वर्षे काढल्यानंतर माझे मत त्यांच्या नेमके उलट झाले आहे, आणि ते का झाले हे सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. विषयच तसा आहे.

प्रथम या पैशाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत राज्यांचे उत्पन्न आटले, तेव्हा १२ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी राज्यांच्या भांडवली खर्चासाठी १२,००० कोटी रुपयांच्या विशेष साहाय्याची घोषणा केली. हे अनुदान नव्हते, कर्ज होते. मात्र ते ५० वर्षांचे, बिनव्याजी आणि मुदतीच्या शेवटी एकरकमी फेडायचे होते. निम्मी रक्कम आधी, ती खर्च झाली की उरलेली, आणि सर्व खर्च ३१ मार्च २०२१ पूर्वी, अशी अट होती. संकटकाळासाठी सुरू झालेली ही योजना पुढे चालूच राहिली आणि वाढत गेली. २०२१-२२ मध्ये १५,००० कोटी, २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात १ लाख कोटी, त्यापुढच्या वर्षी १.३ लाख कोटी आणि २०२४-२५ मध्ये १.५ लाख कोटी रुपयांची तरतूद झाली. यातील काही रक्कम राज्यांना मोकळी मिळते, काही नागरी सुधारणांसारख्या अटींना बांधलेली असते. राज्याच्या नेहमीच्या कर्जमर्यादेच्या बाहेर हे कर्ज मिळत असल्याने प्रत्येक राज्याला ते हवे असते, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही.

कराडच्या वाचकांच्या नजरेतून एक गोष्ट निसटली आहे. २०२० च्या मूळ घोषणेतच असे म्हटले होते की हा पैसा नव्या प्रकल्पांवर किंवा चालू प्रकल्पांवर खर्च करता येईल, इतकेच नव्हे तर चालू कामांवरील कंत्राटदारांची व पुरवठादारांची थकलेली देयके चुकती करण्यासाठीही वापरता येईल. म्हणजे अर्धवट कामे पुरी करणे हा चालना देण्याच्या हेतूचा भंग नसून त्या हेतूचाच भाग आहे, हे ज्यांनी योजना आखली त्यांनाही मान्य होते.

आता कर्जाच्या मुदतीचा विचार करावा. २०२०-२१ साली घेतलेली रक्कम २०७०-७१ साली परत करायची आहे. आज बालवाडीत जाणारे मूल तेव्हा पन्नाशीच्या आसपास आलेले असेल आणि ती परतफेड त्याने भरलेल्या करातून होईल. त्याच्या नावावर आपण काढलेल्या या कर्जातून त्याच्या हाती काय राहणार, हा प्रश्न मला नोकरीत असल्यापासून अस्वस्थ करीत आला आहे. ग्रामीण रस्त्यावर वीस मिलिमीटरचे कार्पेट अंथरले, साइडपट्ट्या भरल्या नाहीत आणि पाण्याला वाट करून देणारी गटारे काढली नाहीत, तर ते डांबर तीन पावसाळे काढते, क्वचित चार. पन्नास वर्षांच्या कर्जातून तीन पावसाळ्यांचे डांबर घेणे हा व्यवहार कोणत्याही शहाण्या घरात कोणी करणार नाही.

मार्चअखेरीची घाई मी आतून पाहिली आहे. तिची जबाबदारी मी दुसऱ्यावर ढकलत नाही, कारण झालेल्या कामाची मापे ज्यात नोंदवतात त्या मोजमाप पुस्तकावर माझ्याही सह्या आहेत. एका वर्षी मार्चच्या शेवटच्या तीन दिवसांत आमच्याकडे एका रस्त्याचा निधी आला. वरून निरोप होता की खर्च पडलाच पाहिजे, नाहीतर निधी परत जाईल आणि पुढच्या वर्षी तालुक्याचे नाव मागे पडेल. त्या रस्त्यावर खरी गरज होती ती ओढ्यावरची मोरी मोठी करण्याची, पण मोरीला पायाचे खोदकाम, सळई बांधणी, काँक्रीट, त्यानंतरचे पाणी मारण्याचे दिवस असे किमान दोन महिने लागतात. डांबराला दोन रात्री पुरतात. म्हणून आम्ही डांबर टाकले. पुढच्या पावसाळ्यात त्या जुन्या मोरीच्या तोंडाशी झुडपे आणि गाळ अडकला, पाणी रस्त्यावरून वाहिले आणि मोरीच्या दोन्ही बाजूंचे नवे डांबर पापुद्र्यासारखे उचलून शेतात जाऊन पडले. शाळेच्या मुलांची एसटी जुलैभर त्या ओढ्याच्या अलीकडेच थांबत होती. कागदावर मात्र ते काम शंभर टक्के खर्च आणि शंभर टक्के भौतिक प्रगती असे नोंदले गेले होते, आणि नोंद खोटी नव्हती. डांबर खरोखरच टाकले होते. कामाची निवडच चुकली होती, आणि ती निवड गरजेवरून झालेली नव्हती, तारखेवरून झाली होती.

यावर कोणी म्हणेल की चालनेचा पैसा उशिरा खर्च झाला तर त्याचा उपयोगच काय. मंदी असताना हातांना काम आणि बाजाराला मागणी तातडीने मिळाली पाहिजे. हा आक्षेप रास्त आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतील अभ्यासकांनी भारतासाठी काढलेला अंदाज असा की सरकारने भांडवली कामांवर खर्च केलेल्या एका रुपयातून अर्थव्यवस्थेत सुमारे २.४५ रुपयांची भर पडते, तर थेट वाटपातून रुपयाला रुपयासुद्धा पुरा पडत नाही. आमच्यासारख्यांना हा आकडा पाठ झाला आहे, कारण प्रत्येक अर्थसंकल्पानंतर तो सांगितला जातो. पण तो सरासरीचा आकडा आहे. अर्ध्यावर थांबलेल्या पुलातही सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचा पैसा फिरतोच. मात्र पुलावरून जी ऊस वाहतूक, जे दूध, जी द्राक्षे पुढची पन्नास वर्षे जायची, त्यांचा लाभ शून्य राहतो. आणि घाईचाच मुद्दा असेल तर सर्वांत लवकर पूर्ण होणारे काम कोणते? ज्याची जमीन ताब्यात आहे, आराखडा मंजूर आहे, तांत्रिक मान्यता झालेली आहे आणि केवळ देयके थकल्यामुळे ज्याचा कंत्राटदार यंत्रे घेऊन निघून गेला आहे, ते काम. नव्या प्रकल्पाला सर्वेक्षण, भूसंपादन, वनविभागाची परवानगी आणि निविदा यांतच दोन-तीन वर्षे जातात. थकीत देयकांसाठी राज्यभरातील कंत्राटदारांच्या संघटनांनी अलीकडच्या काळात आंदोलने केली आहेत. ती देणी चुकती केली तर पैसा त्याच आठवड्यात खडी क्रशरवाल्याला, सेंटरिंगवाल्याला, गवंड्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला पोहोचतो. याहून वेगवान चालना मला तरी माहीत नाही.

अमेरिकेने हा धडा मोठ्या किमतीला घेतला. २००८ च्या आर्थिक संकटानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये तेथे ७८७ अब्ज डॉलरचा कायदा झाला आणि त्यातला बांधकामांचा पैसा उद्या सकाळी कुदळ मारता येईल अशा कामांना प्राधान्याने द्यायचा असे ठरले. तशी तयार कामे प्रामुख्याने रस्त्यांचा पृष्ठभाग नव्याने करण्याची होती, त्यामुळे महामार्गांच्या निधीचा मोठा हिस्सा तिकडेच गेला, आणि पुढे २०१० मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी खऱ्या अर्थाने तयार अशी कामे नसतातच अशी कबुली दिली. त्या कायद्यातली एक अट मात्र आपण घेण्यासारखी आहे. संघराज्याचा पैसा मिळाला म्हणून राज्याने स्वतःचा आधीचा वाहतूक खर्च कमी करायचा नाही, अशी लेखी हमी प्रत्येक राज्याच्या गव्हर्नरकडून घेतली होती. आपल्याकडे दिल्लीचे कर्ज आले की राज्याच्या अर्थसंकल्पातली तेवढी तरतूद दुसरीकडे वळते की नाही, हे सामान्य वाचकाला कोणत्याच कागदावरून कळत नाही.

आपल्या सांगली जिल्ह्याला मात्र अमेरिकेकडे पाहण्याची गरज नाही. कृष्णा खोऱ्याचा इतिहास पुरेसा आहे. कृष्णेच्या पाण्याचे राज्यांत वाटप करणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले आणि वाटपाचा फेरविचार मे २००० नंतर होणार होता, म्हणून त्याआधी ते पाणी अडवून वापरात आणण्यासाठी १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला गेला. हेतू निर्विवादपणे चांगला होता. पण एकाच वेळी इतकी कामे सुरू झाली की पैसा पातळ होत गेला आणि एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था झाली. रोख्यांचे व्याज चालू राहिले, धरणांच्या भिंती उभ्या राहिल्या, कालवे मात्र तुटक तुटक राहिले. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची नावे ऐकत आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळची एक अख्खी पिढी म्हातारी झाली, आणि या योजनांचे अंदाजपत्रक प्रत्येक सुधारित प्रशासकीय मान्यतेत फुगत गेले.

याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी अन्याय करीन. २०१६ मध्ये केंद्राने प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत देशातील रखडलेले ९९ प्रकल्प निवडले, त्यांत महाराष्ट्राचे २६ होते आणि ताकारी-म्हैसाळचा कृष्णा-कोयना उपसा सिंचन प्रकल्प त्यांतलाच एक. नवे काहीही सुरू न करता, नाबार्डमार्फत दीर्घ मुदतीचा निधी उभारून फक्त अडकलेली कामे पुढे न्यायची, हे त्या निवडीचे सूत्र होते. म्हैसाळहून सहा टप्प्यांत उचललेले कृष्णेचे पाणी जतच्या माळावर वाहताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अर्धवट काम पुरे करण्याची किंमत सांगावी लागत नाही. ज्या गावांत मे महिन्यात टँकरसमोर घागरींची रांग लागत असे, तिथे आज द्राक्षबागा आणि डाळिंबे उभी आहेत.

तरीही काम संपलेले नाही. पूर्व भागातल्या एका गावाच्या शिवारात मी गेल्या महिन्यात नातेवाइकांकडे गेलो होतो. मुख्य कालवा भरून वाहत होता. त्यातून निघालेली वितरिका, म्हणजे शेतांकडे पाणी नेणारा उपकालवा, काही अंतर व्यवस्थित काँक्रीटच्या अस्तरीकरणासह येते आणि एका बांधापाशी अचानक संपते; पुढे केवळ जेसीबीने काढलेला चर आहे. उरलेले अंतर नऊशे मीटर. शेतकऱ्यांनी वर्गणी काढून त्या चरातून काळे पाइप टाकले आहेत, सांधे सुतळीने आणि ट्यूबच्या रबराने बांधलेले आहेत, आणि प्रत्येक सांध्यातून पाणी गळून चरात चिखल झालेला आहे. एक वयस्कर गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, डोंगर चढून पाणी आलं आणि आमच्या बांधाला येऊन बसलं." त्या पाण्याला सहा ठिकाणी पंप लागले आहेत, त्या पंपांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासन आणि १९ टक्के शेतकरी उचलतात, आणि इतक्या खर्चाने वर आणलेले पाणी अखेरच्या नऊशे मीटरमध्ये मुरून जाते. राज्याने कालव्यांऐवजी बंदिस्त नलिकेतून वितरण करण्याचे धोरण स्वीकारले आहे. अशा वितरिकांना नळ्या घालण्यासाठी पन्नास वर्षांच्या बिनव्याजी कर्जाहून योग्य पैसा दुसरा कोणता असू शकतो? त्याच हिशेबाने म्हैसाळ योजनेच्या पंपांसाठी जर्मन बँकेच्या अर्थसाहाय्यातून हाती घेतलेला सौरऊर्जा प्रकल्पही मला योग्य वाटतो, कारण भांडवल एकदा घातले की दरसालचे बिल कमी होते.

पुलांचे तर याहून गंभीर आहे. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली वाहतुकीस खुला झाला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, जिथे ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तरी तो दगडी पूल उभा राहिला. महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूलही ब्रिटिशांच्याच काळातला, आयर्विनच्याच पिढीतला. तो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. वर्षभराच्या आत तिथे नवा पूल झाला, म्हणजे मनात आणले तर काम होते. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. तिथे नव्या पुलाला निधी मंजूर होता, काम सुरू झालेले नव्हते. आपल्या सांगली आणि सातारा जिल्ह्यांत वारणा, येरळा, अग्रणी, उरमोडी यांच्यावर आणि असंख्य ओढ्यांवर जुने फरशी पूल, दगडी कमानी आणि कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लोखंडी फळ्या, गंजून गेले, त्यांची रबरे निघाली, म्हणून पाणी अडत नाही; नव्या बंधाऱ्याचे भूमिपूजन मात्र दोन किलोमीटरवर होते.

याचे एक कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे आणि ते सामान्य वाचकाला सहसा सांगितले जात नाही. नवी वास्तू बांधणे हा भांडवली खर्च, दुरुस्ती हा महसुली खर्च. केंद्राचे हे कर्ज केवळ भांडवली लेखाशीर्षाखाली खर्च करता येते, त्यामुळे दुरुस्तीला पैसा नाही आणि नव्याला भरपूर, असे विचित्र चित्र तयार होते आणि यंत्रणेला नव्याचीच सवय लागते. परंतु पुलाचे मजबुतीकरण, खांबांभोवतीच्या पायाचे संरक्षण, कालव्याचे नव्याने अस्तरीकरण, मोरीचा गाळा (पाणी जायची मोकळी जागा) वाढवणे या गोष्टी मालमत्तेचे आयुष्य वाढवतात. त्या भांडवली कामांत बसवता येतात आणि जिथे अंदाजपत्रक नीट केले तिथे त्या बसवल्याही आहेत. शिवाय प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने २००० सालापासून एक चांगली पद्धत घालून दिली आहे: ज्याने रस्ता बांधला त्यानेच पाच वर्षे त्याची देखभाल करायची, आणि ती रक्कम करारातच धरायची. राज्याच्या प्रत्येक चालना निधीच्या कामाला ही अट लावण्यात कोणती अडचण आहे?

कराडच्या वाचकांनी रोजगाराचा मुद्दा काढला आहे, त्यावर उत्तर देताना मला माझ्याच तालुक्याची आठवण करून द्यावी लागते. दुष्काळात लोकांना केवळ मजुरी न देता त्या मजुरीतून टिकणारी मालमत्ता उभी राहावी, ही कल्पना रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडून ढीग लावणाऱ्या हातांना मजुरी मिळाली, जीव वाचले. पण त्यातली जी कामे पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि नालाबंडिंगची होती, त्यांचे पाणी माझ्या वडिलांच्या विहिरीला पुढे कित्येक वर्षे लागत होते, आणि खडीचे काही ढीग मात्र मी नोकरीला लागलो तेव्हाही रस्त्याच्या कडेला गवतात तसेच पडून होते. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून लागू झाला, आणि त्यासाठी पैसा कुठून आणायचा तेही ठरवले गेले: १९७५ पासून व्यवसाय कर आणि त्याच्या बरोबरीने शासनाचा वाटा. रोजगार, उत्पादक काम आणि निधीचा निश्चित स्रोत या तिन्हींचा एकत्र विचार याच मातीत झाला आहे. आज यंत्रांच्या काळात तेवढे मजूर लागणार नाहीत, पण वितरिका, मोऱ्या आणि बंधारे यांची कामे तालुक्यातलाच माणूस करतो, आणि त्याची मजुरी तालुक्याच्याच बाजारात खर्च होते.

नवे काहीच करू नये असे माझे म्हणणे नाही. पुणे-मिरज रेल्वेमार्गाचे दुहेरीकरण व्हायलाच हवे होते. ८०२ किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गासाठी जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली. त्याबद्दल आपल्या जिल्ह्यातल्या बागायतदारांच्या मनात काय आहे हे सर्वांना ठाऊक आहे आणि तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. माझा आग्रह क्रमाचा आहे. केंद्राच्या बिनव्याजी कर्जावर पहिला हक्क अर्धवट आणि खचत चाललेल्या कामांचा, नव्यांचा त्यानंतर.

हा क्रम पाळला जातो की नाही हे लोकांना दिसावे म्हणून एक साधी गोष्ट करता येईल. पुढच्या पुरवणी मागण्या मांडण्यापूर्वी जिल्हा नियोजन समितीने तालुकानिहाय अपूर्ण कामांची यादी प्रसिद्ध करावी. कामाचे नाव, मूळ मान्यतेचे वर्ष, आजवरचा खर्च, किती अंतर अथवा पुलाचे किती गाळे बाकी आहेत, कशामुळे थांबले आहे आणि ते पुरे करण्यास किती रक्कम लागेल, एवढे सहा रकाने पुरेत. ती यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी ती छापावी. त्या यादीतून निवड करताना खर्च ३१ मार्चपूर्वी पडेल का, हा प्रश्न दुसरा असावा. पाणी किंवा वाहतूक कोणत्या महिन्यात सुरू होईल, हा पहिला.

माझ्या तालुक्यालगतच्या त्या वितरिकेची चौकशी मी परत आल्यावर केली. जमिनीची मोजणी झालेली आहे, अंदाजपत्रक दोनदा तयार होऊन दर जुने झाले म्हणून दोनदा परत आलेले आहे, आणि चालू आवर्तनाचे, म्हणजे या पाळीचे, पाणी येत्या पंधरवड्यात बंद होणार आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
तासगाव, जि. सांगली